मॉडेल ए घ्यावी की पहिली मस्टँग? जुनी अमेरिकन गाडी पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला रूज नदीच्या काठी फोर्डचा जो अवाढव्य कारखाना आहे, त्याच्या आवारातून या दोन्ही गाड्या बाहेर पडल्या. मॉडेल ए १९२७ च्या अखेरीस, मस्टँग १९६४ मध्ये. मधे ३७ वर्षे, एक महामंदी आणि एक महायुद्ध. बोनेटवर नाव एकाच कंपनीचे, पण गाड्या इतक्या वेगळ्या की एकीचा अनुभव दुसरीला जेमतेम उपयोगी पडतो.

मी मिशिगनमध्ये राहतो. माझ्याकडे १९३० ची मॉडेल ए ट्यूडर (दोन दारांची बंद गाडी) आहे, त्याआधी १९६६ ची मस्टँग होती. दर उन्हाळ्यात आपल्या मंडळींपैकी कोणीतरी विचारतेच, "काका, एक जुनी गाडी घ्यायचीय, यातली कुठली घेऊ?" बहुतेकांनी तोवर रंगसुद्धा ठरवलेला असतो. त्यांना जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितो.

पहिली पायरी: आधी रस्ता ठरवा

गाडीची जाहिरात उघडण्यापूर्वी तुमच्या घरापासून तीस मैलांचा नकाशा बघा. गाडी जिथे न्यायची आहे तिथे हायवे न घेता पोहोचता येते का?

मॉडेल एचे इंजिन चार सिलिंडरचे, ३.३ लिटरचे, ४० अश्वशक्तीचे. कागदोपत्री ती ताशी ६५ मैल पळते. प्रत्यक्षात ४५ ला ती खूश असते, ५० च्या पुढे गेलात की सगळी गाडी तक्रार करू लागते. शेतांमधून जाणारे दुपदरी रस्ते, आठवड्यातून एक चक्कर, वाटेत आइस्क्रीमचे दुकान असा बेत असेल तर तिच्यासारखी सोबत नाही. इंटरस्टेटवर मात्र नेऊ नका. मागून ७५ ने येणाऱ्या ट्रकवाल्याला तुमचा वेग कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

मस्टँग आजच्या रहदारीत चालते. साधे सहा सिलिंडरचे २०० घनइंची इंजिनसुद्धा १२० अश्वशक्ती देते आणि ६५ ने निवांत जाते. व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचे इंजिन, असेल तर प्रश्नच नाही. मुलांना मागे बसवून तासाभरावरच्या मित्राकडे जेवायला जायचे असेल, तर इथेच निम्मा निर्णय झाला.

सुरक्षेबद्दल एकदाच सांगतो. दोन्ही गाड्यांत आजच्या अर्थाने काहीही नाही. मॉडेल एची पेट्रोलची टाकी डॅशबोर्डच्या मागे, म्हणजे तुमच्या गुडघ्यांच्या वर असते. मस्टँगच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ. दोन्हींचे स्टिअरिंगचे दांडके सरळ छातीवर रोखलेले. हे माहीत असून घ्यायची असेल तर घ्या, पण घरच्यांपासून लपवू नका.

दुसरी पायरी: दोन्ही चालवून बघा, आणि मॉडेल ए सुरू करायला शिका

फोटो बघून मॉडेल एच्या प्रेमात पडलेले निम्मे लोक ती सुरू करताना गळतात. उरलेल्यांना तिथेच तिचे वेड लागते. म्हणून हा भाग सविस्तर.

डॅशखालचा पेट्रोलचा कॉक उघडायचा. इथे पेट्रोलचा पंप नाही, टाकी उंचावर असल्यामुळे पेट्रोल आपसूक कार्ब्युरेटरमध्ये उतरते. स्टिअरिंगखाली दोन दांड्या असतात. डावी पूर्ण वर न्यायची, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. उजवी थोडी खाली, तो हाताचा ॲक्सिलरेटर. डॅशखाली उजवीकडे चोकची कांडी आहे, ती एक वळसा सैल केली की मिश्रण दाट होते. आता किल्ली फिरवा. काहीही होणार नाही, कारण किल्ली फक्त वीज जोडते. स्टार्टरचे बटण पायाखाली, फरशीत आहे. ते दाबता दाबता चोक क्षणभर ओढायचा, सोडायचा, आणि इंजिनाने पकडले की लगेच डावी दांडी खाली आणायची. ती वर न्यायला विसरलात तर इंजिन उलटा हिसका देते. पूर्वी लोक हँडल मारून गाडी सुरू करत, तेव्हा या एका विसराळूपणात मनगटे मोडत.

मग गिअर. तीन पुढचे, एक मागचा, आणि गिअरचे दात आपोआप जुळवून देणारा सिंक्रोनायझर नाही. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, पुन्हा दाबा, मग पुढचा गिअर. खाली उतरताना मधल्या न्यूट्रलमध्ये थोडी रेस द्यायची. पहिले दोन दिवस दातांचा करकराट ऐकून शेजारी बाहेर येतील. तिसऱ्या दिवशी हात आपोआप बसतो. गावाकडे जुनी जीप किंवा ट्रक चालवलेल्या माणसाला हे नवे नाही. माझे सासरे इथे आले होते, त्यांनी माझ्यापेक्षा सफाईने गिअर टाकले आणि वर "तुझा क्लच लागतोय" म्हणून सुनावलेही.

ब्रेक चारही चाकांना आहेत, पण सळ्यांनी ओढले जाणारे. फोर्डने हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक १९३९ च्या गाड्यांपासून दिले. नीट जुळवलेले असतील तर चांगले लागतात, तरी पुढच्या गाडीपासून सवयीच्या दुप्पट अंतर ठेवा.

मस्टँगबद्दल या पायरीत लिहिण्यासारखे फारसे नाही. किल्ली फिरवा, निघा. एकच लक्षात ठेवा: ब्रेकच्या तेलाला दाब देणारा मास्टर सिलिंडर १९६६ पर्यंत तिला एकेरी होता. कुठेही एका ठिकाणी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. १९६७ पासून दुहेरी आला, आणि तो जुन्या गाडीला बसवता येतो. स्पर्धेतल्या परीक्षकाला काय वाटेल याचा विचार न करता बसवून घ्या.

तिसरी पायरी: नंबर वाचा

इथे मस्टँग फारच सोपी. पुढच्या डाव्या मडगार्डच्या आत, बोनेट उघडल्यावर दिसणाऱ्या पत्र्यावर तिचा नंबर ठोकलेला असतो. समजा तो ५एफ०७सी असा सुरू होतो. ५ म्हणजे १९६५ चे मॉडेल. एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना. (आर असेल तर कॅलिफोर्नियातले सॅन होजे, टी असेल तर न्यू जर्सीतले मटचन.) ०७ म्हणजे हार्डटॉप (पक्क्या छपराची), ०८ कन्व्हर्टिबल (दुमडत्या छपराची), ०९ फास्टबॅक (मागे उतरत्या छपराची). शेवटचे अक्षर इंजिनाचे. टी म्हणजे २०० घनइंची सहा सिलिंडर, सी म्हणजे २८९ व्ही-८ दोन-बॅरल कार्ब्युरेटरसह, ए म्हणजे तेच चार-बॅरल, २२५ अश्वशक्तीचे. आणि के म्हणजे २७१ अश्वशक्तीचे ते दुर्मीळ इंजिन, ज्याच्या नावाने बाजारात सगळ्यात जास्त फसवणूक होते.

हे एवढे पाठ असले तरी पुष्कळ पैसे वाचतात. विकणारा "फॅक्टरी जीटी" (कारखान्यातूनच खास संचासह निघालेली) म्हणतो आणि नंबरात सी आहे? मग ती कारखान्यातून जीटी म्हणून निघालेली नाही, कारण जीटीचा संच फक्त ए आणि के इंजिनांबरोबर मिळत होता. नंबरात टी आहे आणि बोनेटखाली व्ही-८ आहे? मग इंजिन नंतर बसवलेले. अशा वेळी खाली वाकून चाकाचे नट मोजा. सहा सिलिंडरच्या गाड्यांना चार नट, व्ही-८ ला पाच. व्ही-८ बसवून चार नटांची चाके तशीच ठेवलेली गाडी दिसली, तर ब्रेक आणि सस्पेन्शनही जुनेच नाजूक राहिले आहेत असे समजा.

१७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात मस्टँग लोकांसमोर आली. त्या वर्षी मार्चपासून ऑगस्टपर्यंत बनलेल्या गाड्यांना लोक '१९६४ आणि अर्धी' म्हणतात. नंबरात मात्र त्याही ५ नेच सुरू होतात. त्यांना बॅटरी चार्ज करायला आल्टरनेटरऐवजी जनरेटर असतो. या अर्ध्या वर्षासाठी काही जण जास्त पैसे मागतात. हौस असेल तर द्या, मी दिले नसते.

मॉडेल एचे प्रकरण वेगळे. त्या काळी गाडीची ओळख म्हणजे इंजिनाचा नंबर. तो इंजिनाच्या डाव्या अंगाला असतो आणि ए अक्षराने सुरू होतो. तोच चासीच्या डाव्या पट्टीवर वरून ठोकलेला, पण तो बॉडीखाली दडलेला, बॉडी उचलल्याशिवाय दिसत नाही. आता नव्वद वर्षांत किती इंजिने बदलली गेली असतील याची कल्पना करा. कागदावर एक नंबर, इंजिनावर दुसरा, असे सर्रास आढळते. त्यात दरवेळी लबाडी असतेच असे नाही, पण नोंदणी कार्यालयात तुमच्या चपला झिजतात. नंबर जुळत नसतील तर पैसे देण्याआधी तुमच्या राज्यातल्या कार्यालयात विचारून या. विकणारा "होऊन जाईल" म्हणाला तर त्यालाच आधी करून द्यायला सांगा.

चौथी पायरी: तपासणी

मॉडेल ए तपासताना कान लागतात, मस्टँग तपासताना गुडघे.

मॉडेल एमध्ये जवळजवळ सगळे उघड्यावर आहे. चासी वेगळी, बॉडी वर बसवलेली, मडगार्ड बोल्टांनी जोडलेले. जीव तिच्या इंजिनात आहे. त्याचे बेअरिंग आजच्यासारखे बदलता येणाऱ्या वाट्यांचे नाहीत. बॅबिट नावाचा मऊ धातू वितळवून थेट ओतलेला असतो. तो झिजला किंवा तडकला तर पुन्हा ओतून, तासून बसवणारा कारागीर शोधावा लागतो. असे कारागीर थोडे राहिले आहेत, आणि ते स्वस्त नाहीत. म्हणून गाडी किमान अर्धा तास चालवा, इंजिन पूर्ण तापू द्या. मग चढावर जरा जोर द्या आणि कान द्या. शिलाई मशिनसारखी टिकटिक झडपांची असते, तिची चिंता नको. खालून येणारा जड, खोल ठोका मात्र बेअरिंगचा. तेलाचा दाब दाखवणारा काटा या गाडीला नाहीच, त्यामुळे तुमचे कान हाच काटा. तेलाचा फिल्टरही नाही, दर ५०० मैलांना तेल बदलावे लागते. मालकाला तेल शेवटचे कधी बदलले ते विचारा. उत्तर ऐकताना त्याचा चेहरा बघा.

थंड इंजिन दाखवायला सांगा. तुम्ही पोहोचण्याआधीच ते तापवून ठेवले असेल तर का, ते विचारा.

बॉडीत दोन गोष्टी पाहा. बंद गाड्यांचे छप्पर मधोमध कापडी असते, खाली लाकडी पट्ट्या. कापड फाटले की पाणी आत जाते, लाकूड कुजते. चार दारांच्या फोर्डर गाड्यांमध्ये लाकडी सांगाडा जास्त, दोन दारांच्या ट्यूडरमध्ये कमी. दार उघडून थोडे वर उचला. बिजागरीपाशी चौकट हलली तर आत लाकडाचा भुसा झालाय. नवशिक्याने ट्यूडर किंवा कूपे घ्यावी. त्या भरपूर बनल्या, भाग सहज मिळतात, किंमतही त्यातल्या त्यात बरी. रोडस्टर आणि फेटन या उघड्या गाड्या दिसायला देखण्या, म्हणून महाग.

विजेची यंत्रणा ६ व्होल्टची, आणि तिचे अर्थिंग पॉझिटिव्ह, म्हणजे बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. बॅटरी सवयीने उलटी जोडून लोक नुकसान करून घेतात.

आता मस्टँग. तिला वेगळी चासीच नाही. ती फाल्कन या साध्या घरगुती गाडीच्या पायावर उभी केलेली, आणि पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे इंजिन बिघडले तर बिघडू द्या, २८९ चे सगळे भाग आजही नवे मिळतात. पत्रा गेला तर गाडीच गेली.

माझ्या मस्टँगची गोष्ट इथे सांगायला हवी. लाल रंग, नवे गालिचे, नव्या सीट. शेजारच्या राज्यातल्या एका विक्रेत्याकडून घेतली. पहिल्या पावसात चालकाच्या पायाखालचा गालिचा ओला झाला. वाटले, दाराचे रबर असेल. रबर बदलले. पुन्हा ओला. शेवटी गालिचा उपटला तेव्हा खाली फरशीवर फायबरग्लास आणि डांबर थापलेले, आणि त्याखाली बोटाने ढकलले की आत जाणारा पत्रा. पाणी येत होते विंडशील्डच्या पुढच्या जाळीतून. ती जाळी हवा आत घेण्यासाठी असते, तिच्याखाली दोन पत्र्यांची बंद पेटी आहे. त्यात पाने, माती साठते, ओल राहते, आणि पेटी आतून कुजते. बाहेरून ठिपकाही दिसत नाही. दुरुस्तीसाठी पुढची मडगार्डे उतरवा, स्पॉट वेल्डचे शेकडो ठिपके ड्रिलने एकेक सोडवा, नवा पत्रा जोडा. त्या कामाचा आकडा मी आजही घरात मोठ्याने सांगत नाही.

तर मस्टँग बघायला जाताना पाण्याची बाटली, चुंबक आणि टॉर्च न्या. जाळीत सावकाश पाणी ओता आणि डॅशखाली टॉर्च मारा. थेंब दिसला की समजा. विकणारा पाणी ओतू देत नसेल तरी समजाच. मग चुंबक कापडात गुंडाळून मागच्या चाकांच्या कडा आणि दारांच्या खालच्या भागावर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरली आहे. डिकीतला गालिचा उचला, कोपरे बघा. बॅटरीच्या खालचा पत्रा बघा, ॲसिडने तो हमखास खाल्लेला असतो. शॉक ॲब्सॉर्बरच्या उंच मनोऱ्यांना वेल्डपाशी तडे आहेत का ते बघा. शेवटी जुने कपडे घालून गाडीखाली शिरा. फरशीवर काळे डांबर नुकतेच फासलेले दिसले तर ते कशासाठी, हे विचारल्याशिवाय उठू नका.

कन्व्हर्टिबल असेल तर आणखी एक: गाडी उभी असताना दोन्ही दारे उघडा आणि लावा. छप्पर नसल्यामुळे सगळा भार खालच्या कडांवर येतो. त्या कुजल्या की गाडी मध्ये वाकते आणि दाराची फट वर अरुंद, खाली रुंद होते.

पाचवी पायरी: पैसे

नवी असताना मॉडेल ए रोडस्टर ३८५ डॉलरला आणि ट्यूडर ४९५ ला मिळे, मस्टँग हार्डटॉप २,३६८ ला. आजचे आकडे मी देत नाही, कारण ते वर्षावर्षाला हलतात. अमेरिकेत गाड्यांच्या अवस्थेला १ ते ४ असे क्रमांक देतात: १ म्हणजे प्रदर्शनात पहिली येणारी, ४ म्हणजे चालते पण डाग आहेत. पहिल्या खरेदीला ३ क्रमांकाची गाडी घ्या. चालवता येते, आणि पहिला ओरखडा पडला म्हणून रात्रीची झोप उडत नाही.

४ ची घेऊन १ ची करण्याचा हिशेब कधीच जुळत नाही. रंग, क्रोम आणि सीट यांतच गाडीच्या किमतीएवढे पैसे जातात. दुसऱ्याने खर्च करून विकलेली गाडी घेणे हाच स्वस्तातला मार्ग. हे ऐकूनही लोक गंजलेले सांगाडे घरी आणतात. मीही एकदा आणला होता.

भागांची चिंता दोन्हींत नाही. मॉडेल ए ४८ लाखांच्या वर बनल्या, मस्टँगने मार्च १९६६ मध्येच १० लाखांचा टप्पा गाठला. टपालाने दोन्हींचे जवळजवळ सगळे सुटे भाग येतात. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी दर ऑक्टोबरात जुन्या भागांचा प्रचंड बाजार भरतो, तिथे एकदा नुसते फिरून या. कॅलमझूजवळच्या गिलमोर संग्रहालयात मॉडेल एसाठी वेगळी इमारतच आहे. खरेदीआधी ती पाहिलीत तर मूळ गाडी कशी असते याचे माप डोळ्यांत बसते.

विमा नेहमीच्या कंपनीचा नको. मान्य किमतीचा विमा घ्या, म्हणजे गाडी गेली तर आधी ठरलेली रक्कम मिळते, घसारा वजा करून नव्हे. मिशिगनमध्ये २५ वर्षांहून जुन्या गाडीला ऐतिहासिक नंबरप्लेट मिळते. तिच्यावर गाडी फक्त मेळे, मिरवणुका, क्लबच्या कार्यक्रमांना नेता येते. ऑगस्ट महिना मात्र मोकळा. त्याच महिन्यात डेट्रॉईटजवळ वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, तेव्हा सगळ्या गॅरेजांची दारे उघडलेली असतात.

भारतात न्यायचा विचार असेल तर

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या मंडळींकडून येतो. फोर्डच्या कॅनडातल्या शाखेने १९२६ मध्ये भारतात कंपनी काढली आणि मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली, म्हणून आपल्याकडच्या जुन्या मॉडेल ए मुळातच उजव्या स्टिअरिंगच्या आहेत. त्या काळची मस्टँग मात्र कारखान्यातून उजव्या स्टिअरिंगची निघालीच नाही. सीमाशुल्क गाडीच्या किमतीहून जास्त होते. तेव्हा भारतात हवी असेल तर अमेरिकेतून नेण्यापेक्षा तिथलीच मॉडेल ए शोधा. २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांना वेगळी नोंदणी आहे, क्रमांकात एमएच नंतर व्हीए येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालवता येत नाही.

शेवटची पायरी: घरी आणणे

सौदा झाला की लगेच चावी घेऊन निघू नका. पहिल्या दिवशी गाडी ट्रेलरवर आणा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. ते वाचा. नक्षी कोरी करकरीत दिसली तरी दहा वर्षांहून जुना टायर बदला. मॉडेल एच्या काही टायरांवर हा आकडा सापडत नाही, तेव्हा सरळ बदलून टाका. पेट्रोलची नळी नवी घाला, कारण आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबर सुजते. ब्रेक चारही चाकांचे उघडून बघा. मग एका रविवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना, घराभोवतीच्या गल्लीतून दोन फेऱ्या मारा. खिशात फोन ठेवा आणि घरात कोणाला तरी जागे राहायला सांगा. माझी ट्यूडर पहिल्या फेरीतच कोपऱ्यावर बंद पडली होती. पेट्रोलचा कॉक उघडायचा राहिला होता.